माळवद, चुनेगच्ची, कोबा

‘गच्ची’ या शब्दाचे मूळ चुन्यात आहे. फारसीत ‘गच’ म्हणजे भिंतीला किंवा जमिनीला करायचा चुन्याचा, जिप्समचा लेप. दख्खनच्या मुसलमानी राजवटींच्या काळात फारसीतले असंख्य शब्द मराठीत मुरले, त्यांतच हाही आला आणि ‘चुनेगच्ची बांधकाम’ या जोडशब्दात अजून टिकून आहे. ज्या सपाट छतावर असा गच केलेला असे, ती गच्ची. आज जिथे पापड-कुरडया वाळतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात, पाण्याच्या टाक्या आणि छत्र्या-तबकड्या बसतात, त्या जागेचे नाव खालच्या खोलीत पाणी उतरू न देणाऱ्या चार बोटे जाडीच्या थरावरून पडलेले आहे. थर फुटला तर गच्ची नावापुरतीच उरते.

सपाट छत कुठे बांधायचे आणि कुठे नाही, हे महाराष्ट्रात पावसाने ठरवले. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे पाणी छतावर थांबू द्यायचेच नाही, हा एकच उपाय. म्हणून उतरते छप्पर, त्यावर गवत, पेंढा किंवा कौले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर भिंतींना नारळाच्या झापांची झड. घाटमाथा ओलांडला की चित्र झपाट्याने पालटते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून पूर्वेला जेमतेम एका दिवसाच्या चालीवर तो हजाराच्या खाली येतो आणि नगर-सोलापूरकडे पाचशे-सहाशेवर. या पट्ट्यात गवत कमी, इमारती लाकूड महाग, उन्हाळा कडक. उतरत्या छपराला लागणारे लांब वासे आणि दरवर्षी बदलायचे गवत परवडणारे नव्हते. माती मात्र हवी तेवढी होती. देशावर, खानदेशात, मराठवाड्यात आणि वऱ्हाडात मातीचे सपाट छत रूढ झाले ते असे. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात, खानदेशाकडे धाबे. ‘धाबे दणाणणे’ या वाक्प्रचारातले धाबे ते हेच: डोक्यावरचे फूटभर मातीचे छतच हादरू लागले तर खालच्या माणसाची जी अवस्था होईल, ती.

माळवदाची रचना खालून वर अशी जाते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. श्रीमंताच्या वाड्यात कड्यांवर सागवानी फळ्या जोडून कडीपाट करत. साध्या घरात फळ्यांच्या जागी फोडलेल्या लाकडाच्या चिपा, तुराट्या, पऱ्हाट्या, बोरू असे जे हाताशी असेल ते दाटीने अंथरत. त्यावर निरगुडीचा किंवा कडुलिंबाचा पाला. पाल्याचे काम दुहेरी होते. वरची माती फटींतून खाली गळू नये हे एक, आणि त्याच्या कडू वासाने वाळवी व किडे दूर राहावेत हे दुसरे. पाल्यावर भुसा घालून तुडवलेल्या चिखलाचा जाड थर, तो अर्धवट वाळला की धुमसाने ठोकून घट्ट केलेला. आणि सगळ्यांत वर, ज्यावर घराचे कोरडेपण अवलंबून, तो पांढऱ्या मातीचा थर.

पांढरी माती हा या सगळ्या कारागिरीचा गाभा आहे. मराठी मुलखात गावाच्या जमिनीची जुनी वाटणी दोन रंगांत होत असे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, चुलींची राख आणि गुरांचे मूत जिरले, तिथली माती कालांतराने फिकट, खारट, पिठासारखी बारीक होते. जुन्या उजाड वसाहतींची अशी पांढरीची टेकाडे नदीकाठी ठिकठिकाणी दिसतात. छतासाठी आणि शेताच्या खतासाठी लोक ती शतकानुशतके खणत आले आणि या खणण्यात अनेक प्राचीन वसाहतींचे वरचे थर कायमचे गेले. पुरातत्त्वज्ञांना त्याची हळहळ वाटते ती साहजिक आहे. पण डोक्यावर गळणाऱ्या छताखाली राहणाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराचे मोल कळावे, ही अपेक्षाही जरा जास्तच.

काळी माती छतावर का चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. चैत्र-वैशाखात शेतात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. छतावर तीच माती घातली तर पहिल्याच वळवाचे पाणी त्या भेगांतून सरळ चुलीवर येईल. पांढरी फारशी फुगत नाही, म्हणून फारशी तडकतही नाही. शिवाय ती खारी असली तर आणखी उत्तम. सोडियमयुक्त क्षारांनी भरलेल्या चिकणमातीला पाणी लागले की तिचे कण एकमेकांना सोडतात, सुटे होऊन बारीक पोकळ्यांत जाऊन बसतात आणि पाण्याच्या वाटा बुजवतात. शेतात अशा जमिनीला चोपण म्हणतात. तिच्यात पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून शेतकरी तिला शिव्या घालतो. तोच दोष छतावर गुण ठरतो. पावसाचा पहिला सपाटा वरच्या बोटभर थराला भिजवतो, तो थर चिकट होऊन स्वतःच झाकण बनतो आणि पुढचे पाणी वरून वाहून जाते. खारेपणामुळे गवतही सहजी रुजत नाही. गवत रुजले तर मुळांच्या वाटेने पाणी आत शिरते, हे जाणून बायका पावसाळ्यात उघडीप मिळताच माळवदावर चढून अंकुर उपटून टाकत.

माळवद पूर्ण सपाट कधीच नसते. त्याला एका बाजूला हलका ढाळ असतो आणि ढाळाच्या टोकाला भिंतीतून बाहेर काढलेली लाकडी, दगडी किंवा पुढच्या काळात पत्र्याची पन्हळ. पन्हळ भिंतीपासून हातभर पुढे नसेल तर पाणी भिंतीवरून ओघळून तिची माती धुऊन नेते. ती फार पुढे काढली तर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडते आणि भांडण उभे राहते. छताला मध्ये एक झरोका ठेवलेला असे. उजेड, वारा आणि चुलीच्या धुराला वाट त्यातून. पावसात त्यावर झाकण ठेवत आणि झरोक्याच्या भोवती मातीची उंच कड करत. बहुतेक गळती सुरू होते ती या कडेपाशी आणि पन्हळीपाशी, म्हणजे जिथे मातीचा थर दुसऱ्या कशाला तरी भिडतो तिथे. हे आजच्या काँक्रीटच्या गच्चीलाही जसेच्या तसे लागू आहे.

रोहिणी लागायच्या आधी, शेतीची कामे तुंबण्यापूर्वी, माळवदाची दरसालची डागडुजी होई. गाढवांवरून किंवा डोक्यावरून पांढरी आणायची, चाळायची, छतभर पसरायची, पाणी शिंपडून तुडवायची. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, हा शहाणा रिवाज. पण खरवडणे हे दुप्पट काम आणि काढलेली माती पुन्हा खाली उतरवायची. त्यामुळे जुन्यावरच नवा थर चढत जाई. दर वर्षी अर्धे बोट म्हटले तरी एका पिढीत छतावर फूटभर माती वाढते. एका चौरस मीटरवर फूटभर जाडीची माती म्हणजे कोरडी असताना अंदाजे साडेचारशे ते पाचशे किलो, आणि भिजल्यावर त्याहून अधिक. तुळया वाकत, मग मधे टेकू लागत. कोरडेपणासाठी घातलेला प्रत्येक थर खालच्या लाकडावर ओझे म्हणून बसत होता, आणि हे ओझे घरातल्या कुणाला दिसत नव्हते.

ज्यांना मातीपेक्षा टिकाऊ छत हवे होते आणि परवडत होते, त्यांनी चुना वापरला. देशावर ओढ्या-नाल्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. खडे भट्टीत कोळशाबरोबर थरावर थर रचून भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हे काम पिढीजात करणारे ते लोणारी. कळी पाण्यात विझवली की ती फसफसून, वाफाळून फुटते आणि तिचे पीठ होते. मग घाणी: जमिनीत दगडाने बांधलेला गोल चर, त्यात उभे फिरणारे जड दगडी चाक, चाकाला जोडलेला बैल किंवा रेडा. अनेक गडकिल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे हे चाक अजून पडलेले दिसते. पाहणारे बहुतेक त्याला तोफेच्या गाड्याचे चाक समजून फोटो काढतात.

घाणीत चुना नुसता मळला जात नसे. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, पडे. सुर्खीचे महत्त्व मोठे आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो; हवा पोहोचली नाही तर तो आत कच्चाच राहतो. भाजलेल्या विटेतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि हा संयोग पाण्यातही होतो. म्हणून टाकी, हौद, कारंजी आणि गच्ची यांच्या चुन्यात सुर्खी हवीच. त्याशिवाय गूळ, हिरडा, बेलफळ, उडदाचे पाणी, मेथी, डिंक, तागाचे तंतू. या यादीला आज थोडे गूढतेचे वलय आले आहे आणि जुन्या इमारतींबद्दल बोलताना ‘गूळ-चुना’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जातो. प्रत्यक्षात ही साधी व्यवहारी द्रव्ये होती. गुळातली साखर चुन्याला पाण्यात अधिक विरघळवते, त्याचे घट्ट होणे लांबवते आणि कमी पाण्यात काम करू देते. पाणी जितके कमी, तितक्या सुकल्यावर पोकळ्या कमी. हिरड्यातले तुरट द्रव्य कणांना गुठळ्या धरू देत नाही. ताग मातीत असो वा चुन्यात, बारीक तडे पसरण्यापासून रोखतो.

पण गच्चीचा खरा कस लागे तो थापीवर. विटांचे तुकडे आणि चुना मिसळून तीन-चार इंच, कधी त्याहून जाड थर ढाळ देऊन पसरला की मजूर, बहुधा बाया, एका ओळीत उकिडव्या बसत. प्रत्येकीच्या हातात लाकडाची चपटी थापी. एका तालात थाप पडायची, ओळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायची आणि पोहोचली की पुन्हा फिरायची. अधूनमधून गूळ आणि बेलफळ उकळलेले पाणी शिंपडायचे. हे एक-दोन दिवस नव्हे, आठवडाभर चाले. थापी मारली की ती थरात रुतण्याऐवजी उसळून वर येऊ लागली, की समजायचे थर बसला. मग त्यावर चाळलेल्या चुन्याचा बारीक लेप, तो गुळगुळीत दगडाने घोटून घोटून काचेसारखा करायचा आणि गवत किंवा गोणपाट घालून कित्येक दिवस ओला ठेवायचा. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने चुना-काँक्रीटच्या छतासाठी मानक तयार केले, तेव्हा थापी आणि गूळ-बेलफळाचे पाणी या दोन्ही गोष्टी त्यात जशाच्या तशा उतरल्या. गवंड्याचे तोंडी शास्त्र सरकारी कागदावर इतक्या सरळ गेल्याची उदाहरणे फार नाहीत.

छत कोरडे ठेवण्याची गरज घरापेक्षा कोठाराला अधिक असते. पन्हाळगडावरचा अंबरखाना म्हणजे गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन धान्यकोठारे. सर्वांत मोठ्या गंगा कोठीची क्षमता पंचवीस हजार खंडी सांगितली जाते. आत सोळा खण, प्रत्येकावर स्वतंत्र बसका घुमट आणि माथ्याला धान्य ओतायचे भोक. बाहेरून जिन्याने छतावर जायचे, पोती तिथून रिकामी करायची. म्हणजे हे छत एकाच वेळी रस्ता, दार आणि छत्री होते, आणि वर्षातले चार महिने पन्हाळ्याचा पाऊस झेलत होते. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज या गडावर चार महिन्यांहून अधिक काळ अडकून होते, आणि त्या काळात ऐन आषाढही होता. वेढ्यातल्या गडाचे आयुष्य कोठीतल्या धान्याएवढे. धान्याचे आयुष्य वरच्या चुन्याएवढे.

दारूगोळ्याची गोष्ट याहून नाजूक. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीपासून दूर, सुरक्षित आणि ओलीपासून जपलेला असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन दाखवावे, असे सांगितले आहे. तटावर वाढणारी झाडे वेळच्या वेळी कापण्याची ताकीदही त्यात आहे. चुन्याच्या कोणत्याही बांधकामाचा मोठा शत्रू पावसाहून पिंपळ असतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले मोहरीहून बारीक बी पोपड्याच्या फटीत रुजते आणि दोन-तीन वर्षांत मूळ दगड उचलू लागते. डागडुजीचा हुकूम काढणाऱ्या अमात्यांना हे अनुभवाने ठाऊक असणार.

वर पाणी आणि खाली कोरडी खोली, हा पेच मुद्दाम ओढवून घेतल्याचे उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत ही चक्की उभी राहिली. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणून ते उंचावरून चक्कीच्या पात्यांवर सोडले जाई. समोरचा मोठा आयताकृती हौद त्यानंतरचा. या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. जाड खांबांच्या रांगांनी ते तोललेले. पावसाचे पाणी वाहून जाते. हौदाचे पाणी बारा महिने तिथेच उभे असते. ढाळ नाही, पन्हळ नाही, सगळी भिस्त थराच्या घट्टपणावर. मोबदल्यात दर्ग्याच्या यात्रेकरूंना उन्हाळ्यात गारवा देणारे दालन मिळाले. दख्खनच्या स्थापत्यात पाण्याचे खेळ पुष्कळ आहेत, पण गवंड्याने आपल्या चुन्यावर एवढा विश्वास टाकलेला क्वचितच दिसतो.

चुन्याच्या थराची आणखी एक खोड त्याच्या टिकाऊपणामागे आहे. त्याला बारीक तडा गेला आणि त्यातून पाणी झिरपू लागले, की ते पाणी आतला मोकळा चुना थोडाथोडा विरघळवते आणि तड्याच्या कडांवर पुन्हा साठवते. केसाएवढी चीर अशी आपोआप भरून येते. इमारत थोडी बसली, लाकूड थोडे हलले, तरी चुना निमूट वळतो. गोव्यात जांभ्याच्या चर्चना बाहेरून चुन्याचा गिलावा असे, तो याच भरवशावर. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकाचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून काढून टाकला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसाने झिजतो आहे. लाल दगड छायाचित्रात शोभतो हे खरे, पण मूळ बांधणाऱ्यांना तो दाखवायचा नव्हता.

इंग्रजी अमलात गच्चीला मोठा स्पर्धक आला, तो कौलाचा. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ही लाल कौले गलबतांतून किनाऱ्याने, पुढे रेल्वेने सगळीकडे पोहोचली. हलकी, स्वस्त, एखादे फुटले तर तेवढेच बदलता येणारे. मुंबई-पुण्याच्या चाळी, शाळा, कचेऱ्या, बंगले त्यांच्याखाली गेले. चुन्याची गच्ची राजवाडे, बँका आणि काही सरकारी इमारतींपुरती उरली.

सपाट छत शहरात परत आले ते सिमेंटबरोबर. भारतात सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. १९३६ मध्ये निरनिराळ्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘ए. सी. सी.’ ही कंपनी झाली. त्याच सुमारास मुंबईत बॅकबेच्या भरावावर, मरीन ड्राइव्हला आणि ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींच्या रांगा उठत होत्या. गोलाकार सज्जे, आडव्या रेषा आणि वर सपाट काँक्रीटची गच्ची. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या शहराने देशावरच्या कोरड्या मुलखाचे छत डोक्यावर घेतले, तेही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. चार पाच इंच जाडीच्या स्लॅबवर कोकणी छपराची जबाबदारी येऊन पडली.

काँक्रीट दिसते घट्ट, पण ते तडकते. मे महिन्यात गच्चीचा पृष्ठभाग अनवाणी पायाला सोसवत नाही इतका तापतो, रात्री निवतो, आणि पहिल्या सरीत क्षणात थंड होतो. या ताण-आक्रसण्यात स्लॅबला केसासारख्या चिरा पडतात. चुन्यासारखे वळणे त्याला जमत नाही. चिरेतून गेलेले पाणी सळईला लागले की गंज चढतो; गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे तो खालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत छताचा पापुद्रा पडून उघडी लालसर सळई दिसते, ती या वाटेने आलेली. स्लॅब ओझे पेलतो, पाणी थोपवत नाही, हे ध्यानात आल्यावर गवंड्यांनी जुन्या गच्चीचाच थर काढला आणि त्यातला चुना बदलून सिमेंट घातले. त्याला म्हणतात विटांचा कोबा, किंवा साइटवरच्या बोलीत ‘ब्रिकबॅट कोबा’.

कोब्याचे काम आजही असेच चालते. स्लॅब घासून धुतात, चिरा आणि पाइपांच्या भोवतालची जागा खोदून भरतात आणि सिमेंटचा पातळ राप ओततात. मग पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे ओल्या मसाल्यात उभे-आडवे बसवत जातात, शंभर फुटांना फूटभर असा ढाळ पावसाच्या नळाकडे ठेवून. नळाजवळ जेमतेम दोन-तीन इंच असलेला थर गच्चीच्या दूरच्या टोकाला सहा-सात इंच होतो. कठड्याला जिथे तो भिडतो तिथे सरळ कोपरा न ठेवता मसाल्याने गोलाई देतात. गवंडी तिला ‘वाटा’ म्हणतात. माळवदाच्या झरोक्यापाशी उंच केलेली मातीची कड आणि हा वाटा यांचे काम एकच. तुकड्यांमधल्या फटी भरल्या की सगळी गच्ची मातीचे बांध घालून आठवडाभर पाण्याने तुंबवून ठेवतात. खाली कुठे ओल दिसली तर तेव्हाच कळते. शेवटी वरचा मसाला, आणि तो ओला असतानाच दोन माणसे दोन टोकांना दोरी ताणून धरतात व सोडतात. दोरीच्या फटक्याने फूट-फूट अंतरावर आडव्या-उभ्या रेघा उमटतात. पुष्कळांना ती फरशीची नक्कल वाटते. खरे म्हणजे मसाला सुकताना तडकणारच. तो कुठेही तडकण्याऐवजी या रेघांत, बारीक, तडकावा म्हणून ही सोय.

कोब्याच्या जोडीने चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची नक्षीही आली, तिला ‘चायना मोझेक’ म्हणतात. कारखान्यांतल्या टाकाऊ पांढऱ्या टाइलचे तुकडे मसाल्यात दाबून बसवायचे. पाणी तुकड्यातून जात नाही आणि पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब कमी तापतो आणि कमी तडकतो. शोभा हा यातला फुकटचा लाभ. डांबरात भिजवलेल्या फेल्टचे थर हाही एक उपाय होता. गोदामे आणि कारखान्यांच्या छतांवर तो चालला, पण ज्या गच्चीवर माणसे चालतात, खाटा ओढतात, मुले खेळतात तिथे उन्हाने मऊ झालेले डांबर टिकत नाही. अलीकडच्या दशकांत डब्यांतून येणारे रबरी, ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेनचे लेप आले. ते कोब्याची जागा घेण्याऐवजी बहुधा कोब्यावरच चढतात.

कोब्याचा एक दोष त्याच्या विटेतच आहे. वीट पाणी पिते. वरचा मसाला फुटला की कोबा स्पंजासारखा भरतो आणि साठवलेले पाणी सावकाश खाली सोडतो. म्हणून मुंबईत वरच्या मजल्यावरची कित्येक घरे नवरात्रात, दिवाळीत गळतात, बाहेर लख्ख ऊन असताना. गळती घरात जिथे दिसते त्याच्या बरोबर वर तडा असेलच असे नाही. पाणी कोब्यातून आडवे दहा-वीस फूट प्रवास करून आलेले असते. जुना कोबा फोडणे म्हणजे राडारोडा, आवाज आणि स्लॅबला धक्का. तेव्हा सोसायटीच्या सभेत स्वस्त पर्याय मंजूर होतो: आहे त्यावर आणखी एक थर. दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो. तीन पिढ्यांच्या डागडुजीनंतर काही गच्च्यांवर स्लॅबच्या स्वतःच्या वजनाहून जास्त वजन साचलेले असते.

मातीच्या थराचे ओझे काय करू शकते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसले. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारीच्या आसपास भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. तीव्रतेच्या मानाने ही हानी प्रचंड होती आणि तिचे कारण घरांच्या बांधणीत सापडले: मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट, कुठे त्याहून जाड मातीचे माळवद. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भिंती आत-बाहेर कोसळल्या. जिथे सांगाडा नव्हता तिथे भिंत सरकताच माळवद सरळ झोपलेल्यांवर आले. बापजाद्यांनी दर रोहिणीला घातलेली ती पांढरी. पुनर्वसनात नवी गावे वसली, सिमेंटची घरे आली, पण कित्येक कुटुंबे पुढची अनेक वर्षे स्लॅबखालीही झोपायला तयार नव्हती. अंगणात पत्र्याची खोली बांधून ती तिथे राहत. मराठवाड्यात माळवदे अजून आहेत, मात्र नवे कुणी घालत नाही. पांढरी आणून, चाळून, तुडवून ढाळ धरणारे हात तिथेच संपले.

मुंबई-ठाण्यात आणि किनाऱ्यावरच्या शहरांत आता एक तिसरीच गोष्ट घडली आहे. कोबा, फेल्ट, लेप सगळे करून झाले तरी वरचा मजला गळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तशा पावसापुढे शंभराला एक ढाळ काहीच नाही. मग गच्चीवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि त्यावर दोन बाजूंना उतरता पत्रा. ज्यांना एवढे परवडत नाही ते मे अखेरीस निळी ताडपत्री ताणतात आणि दसऱ्याच्या सुमारास काढतात. महापालिका त्याला पावसाळ्यापुरती शेड म्हणून परवानगी देते; पुष्कळ शेडी मग वर्षभर तशाच राहतात आणि त्यांच्याखाली दोऱ्या बांधून कपडे वाळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला विमानातून पाहिले तर शहराचे सपाट माथे निळ्या-करड्या उतरत्या छपरांनी झाकलेले दिसतात: कौलारू कोकणाचेच छप्पर, फक्त सात-आठ मजले वर चढलेले.